टाळ्यांच्या आडोशाला

जरा बेतानं टेका हं. मी पेटी बोलतेय. असं अचानक कुणी अंगावर बसलं की मला अजूनही धस्स होतं.

माझा जन्म अगदी साधा. एका सुताराने जुन्या दाराच्या फळ्या ठोकून मला उभं केलं. पाच बाजू झाल्या आणि फळ्या संपल्या.

"सहावी बाजू?" दादाने विचारलं.

"राहू दे की. पेटीलाही तोंड हवंच," सुतार म्हणाला.

दादा म्हणजे नाटक शिकवणारा. शाळा सुटली की मुलं दप्तरासकट थेट या हॉलमध्ये यायची. मी कधी सिंहासन झाले, कधी होडी, एकदा तर आजारी गाय. मुलांनी माझं नाव ठेवलं पोकळाबाई. मला राग नाही आला. लाडाचं नाव कळतं हो.

माझं खरं काम मात्र तालमीच्या आधी असायचं. दादा मला आडवी करायचा. मग एकेकाने माझ्या तोंडात डोकं घालायचं आणि शाळेत, घरी जे बोलता येत नाही ते बोलून टाकायचं. बाकीच्यांनी तोवर जोरजोरात टाळ्या पिटायच्या, म्हणजे बाहेर कुणाला काही ऐकू जाणार नाही.

"पेटीतलं पेटीतच," दादा म्हणायचा. "माझा शब्द."

काय काय ऐकलंय मी! भोंगा म्हणून एक पोरगा होता, आवाजाने नावासारखाच. तो गणिताच्या सरांना असा झोडपायचा की माझे खिळे हलायचे. कुणी नुसतंच रडून जायचं. पण डोकं बाहेर काढल्यावर सगळ्यांचे चेहरे कसे धुतल्यासारखे दिसायचे.

कुजबुज सगळ्यात शेवटी यायची. दादानेच ठेवलेलं नाव, कारण तिचा आवाज समोरच्याच्या कानापर्यंतही पोचायचा नाही. कितीतरी दिवस ती आत येऊन फक्त श्वास घ्यायची. मीही गप्प राहायचे. घाबरलेल्याला घाई करू नये, हे मला माझ्यावरून ठाऊक.

एके दिवशी दादा मुलांच्या आधीच आला. त्याने स्वतःचा मोबाइल चिकटपट्टीने माझ्या आतल्या अंगाला चिकटवला. मी दचकलेच. मग वाटलं, असेल काहीतरी नाटकाचंच. किती भोळी मी!

आणि नेमकी त्याच दिवशी कुजबुज बोलली.

"पोकळाबाई, आई पलीकडच्या खोलीत इस्त्री करत असते. पानाचा आवाज आला नाही की लगेच हाक मारते. म्हणून मी नुसतीच पानं उलटते गं. एक अक्षर डोक्यात शिरत नाही. फक्त इथे आलं की नीट श्वास घेता येतो. आईला कळलं ना, तर नाटक बंद."

त्या दिवशी तालमीत तिचा आवाज पहिल्यांदा शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. सगळी मुलं वळून बघायला लागली.

मुलं गेल्यावर दादाने मोबाइल सोडवला, कानाला लावला आणि त्यात रेकॉर्ड झालेलं सगळं माझ्यावरच बसून ऐकलं. त्याचे डोळे ओले झाले. मला वाटलं, माया आहे माणसाला.

प्रयोगाच्या दिवशी समोर सगळे आईबाप. भोंगा जाडजूड पुस्तक घेऊन माझ्यावर बसला. हा प्रसंग दादाने त्याच्या एकट्याकडून बसवून घेतला होता. शब्द कुणाचे, हे त्या बिचाऱ्यालाही माहीत नव्हतं. तो पान उलटायचा, पडद्याआडून दादा "चाललाय ना अभ्यास?" विचारायचा, की पुन्हा पान. हॉलमध्ये हशाच हशा. पहिल्या रांगेतली एक बाई सगळ्यात मोठ्याने हसत होती.

"आई पलीकडच्या खोलीत इस्त्री करत असते..." भोंग्याने सुरू केलं, शब्दाला शब्द.

त्या बाईचं हसू तिथल्या तिथे थांबलं. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

पडदा पडल्यावर तीच बाई, कुजबुजची आई, आत आली. ओरडली नाही. "रोज नुसती पानंच का गं?" एवढंच म्हणाली. "उद्यापासून इथे यायचं नाही."

कुजबुज आईकडे बघतच नव्हती. "दादा, मी पेटीत बोलले तेव्हा टाळ्या वाजत होत्या ना?"

"अगं, नाव कुठे घेतलंय तुझं?" दादा हसत म्हणाला. "आणि लोकांना किती भिडलं, बघ तरी!"

काही दिवसांनी ती राहिलेली पाण्याची बाटली न्यायला आली. हॉल रिकामा होता. ती माझ्यापाशी गुडघ्यांवर बसली. मला वाटलं, आता बोलेल. पण तिने डोकं नाही, हात आत घातला. चिकटपट्टीचा चिकटा अजून होता, त्यावर धूळ बसलेली. तिचं बोट तिथे अडकलं, थांबलं.

"तूसुद्धा?" ती म्हणाली.

नाही गं, असं ओरडून सांगायचं होतं. पण सुताराने तोंड दिलं, आवाज नाही दिला. तिने दोन्ही हातांनी जोर लावून मला पालथी घातली, तोंड जमिनीला. आणि गेली.

तेव्हापासून मी अशीच आहे. लोक बसतात, चहा पितात. बसा, माझी ना नाही. पण कुणी पोरांच्या खेळासाठी मला पुन्हा सरळ करणार असेल, तर आधी आत हात फिरवून बघा. नीट, कोपऱ्याकोपऱ्यात. मगच एखाद्या पोराला म्हणा, बोल.