हलती लाइन

आमच्या यांचं नाव खुशाल. मी तोंडानं घेत नाही, पण तुमाले कळावं म्हणून एकदाच सांगून ठेवते. भीमपुरात यांना सारे 'खरखऱ्या' म्हणत. म्हणून मी कोण, तं खरखऱ्याची भागीरथा. रेशनच्या दुकानात गेली तरी बाया तोंडाले पदर लावून हसत.

धंदा यांचा रेडिओ-टेप दुरुस्तीचा. लग्नसराईत इचोड्याच्या ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवत, जयंतीले भीमगीतं वाजवत. त्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं. सारी भानगड त्या डब्ब्याची होती. जुन्या, काचेच्या व्हॉल्वच्या रेडिओंची आतडी काढून यांनी एक डब्बा बनवला होता. त्याले ना पट्ट्या, ना पडदे, पिळायची चार बटनं तेवढी. चालू केला का हूं करून आवाज निघे, आन् हे त्याच्यापुढं डोळे मिटून बसत. गाणं नाही, ताल नाही. सासूबाई तं कानात बोटं घालून ओट्यावर जाऊन बसत.

एकदा गुडीहत्नूरच्या लग्नात वऱ्हाड जेवायले बसलं, तवा यांनी कॅसिओ बाजूले सारून डब्बा लावला. काय सुचलं यांना, कोण जाणे. नवरदेवाचा मामा महिपत उष्ट्या हातानं उठला आन् त्यानं वायरच उपटून टाकली. म्हणे, कोणी मेलं का इथं? ऑर्केस्ट्रावाल्यानं त्यानंतर यांना बोलावणं बंद केलं. मी घरी लय बोलली. हे ऐकून घेत आन् पुन्हा डब्बा उघडून बसत. अशा माणसाशी भांडता तरी कसं येते सांगा!

आता यातली खरी गोष्ट सांगते. हा डब्बा एकटा वाजतच नव्हता, त्याच्यासंगं सारं भीमपूर वाजे. वावरावावरात विहिरीवर मोटरा. शेतीची लाइन आली का जो तो धावत जाऊन स्टार्टर दाबे. होल्टेज पडे, घरातला बल्ब पिवळा होये, आन् डब्ब्याचा आवाज खाली बसे. कोणाची मोटर बंद झाली का आवाज थरथरत वर येये. कोण कवा दाबन, कोण कवा बंद करन, याचा काही नेम नाही. हे वाट पाहत. आवाज पडला का बटन पिळून त्याले उत्तर देत, कधी त्याच्यामागं जात, कधी आडवे होत. म्हणत, गाव बोलून राह्यलं, मी नुसता हुंकारा देतो.

मले त्याचं काय कौतुक? मी भाकरी थापता थापता ऐके. मुद्दाम नाही, घरच तेवढं, जाता कुठं? पण ऐकून ऐकून कळाले लागलं. चंपतची मोटर मोठी, तिचा धक्का वेगळा. आवाज धपकन पडला का मी तवा उतरवून घागर उचले, का चंपतच्या विहिरीवर पाणी सुरू झालं. कधी फसली नाही. बाया म्हणत, हिले बरं कळते सगळ्यांच्या आधी.

अशात सुधाकरराव आले. डोमाजी मास्तरांचे साडू, हैद्राबादले राहत, आवाजाच्या मशिनींचं शिक्षण देणारी एक संस्था चालवत. मास्तरांनी हसायले म्हणून त्यांना आमच्या घरी आणलं. ते हसले नाहीत. डब्बा वाजत होता तोवर जागचे हलले नाहीत. मंग म्हणले, हैद्राबादले या, आमच्या लोकांपुढं वाजवा. लोकांना पटलं तं संस्थेतच नोकरी. दिवसभर हेच करायचं, आन् राह्याले दोन खोल्या.

माय वं, मी त्या दिवशी कोणाच्या हसण्याकडे पाहिलं नाही. मले भीमपूर सोडायचं होतं. घागरी वाहून माझी मान गेली होती, आन् खरखऱ्याची खरखऱ्याची ऐकून डोकं. जिथं कोणी आमाले ओळखत नाही, आन् ओळखलं तं मान देते, तिथं राह्याचं होतं. एवढंच मागणं होतं माझं, आन् ते या डब्ब्याच्या हातात आलं होतं. मी तो माझ्या लुगड्यात गुंडाळून बसमधे मांडीवर घेऊन बसली.

हॉल मोठा, गार. खुर्च्या भरलेल्या. सुधाकररावांनी हौसेनं एक लोखंडी पेटी दाखवली. म्हणे, इथं बाहेर काहीही होऊ द्या, आत होल्टेज जरासुद्धा हलत नाही. हे मान हालवून हो म्हणले. मीही म्हणली, बरं झालं बापा. आमी दोघंही असे भोळे, का लाइन साऱ्या जगात हलते असंच धरून गेलो होतो. हलत नाही म्हणजे काय, ते आमच्या ध्यानातच आलं नाही.

डब्बा लावला. हूं करून आवाज निघाला. आन् तिथंच राह्यला. हे डोळे मिटून वाट पाहून राह्यले. स्टार्टर दाबाले तिथं होतं कोण? यांनी एक बटन पिळलं, थांबले. दुसरं पिळलं, थांबले. उत्तर नाही. मी मागच्या खुर्चीत बसून पदर पिळून राह्यली होती. यांच्या मानेवरून घाम चालला होता, आन् आवाज आपला सरळच्या सरळ. मले वाटलं, आता लोक उठतीन, आता कोणी वायर उपटन.

कोणी उठलं नाही. संपलं तवा लोक उभे राहून टाळ्या वाजवाले लागले. एक बाई तं डोळे पुसत होती. सुधाकररावांनी यांना मिठी मारली. "भीमपुरात मधे मधे बिघाड यायचा," ते म्हणले. "आज आवाज कसा स्वच्छ लागला! काय संयम आहे तुमचा!"

हे म्हणले, साहेब, लाइन हलली नाही. त्यावर ते म्हणले, एवढंच ना, तुमाले एक चाकाची पेटी देतो, चाक फिरवा आन् होल्टेज पाहिजे तसं खाली-वर करा.

"मीच पाडन, मीच उचलन," हे म्हणले. "मंग मी बोलू कोणाशी?"

सुधाकररावांना वाटलं गडी लाजून राह्यला. त्यांनी पाठ थोपटली, विचार करून सांगा म्हणले, आन् मले खोल्या दाखवाले घेऊन गेले. खोल्या चांगल्या होत्या. मोरीत नळ. मी उघडून पाहिला, पाणी आलं. खिडकीतून उजेड येत होता. सामान कुठं मांडायचं, ते मी उभ्या उभ्याच ठरवून टाकलं.

खाली आली तं हे पायऱ्यांवर बसले होते, डब्बा बाजूले.

"टाळ्या तं लय पडल्या," हे म्हणले. "मलेच काही कळत नसन. भागीरथा, तू सांग. चांगलं झालं म्हणशीन, तं इथंच राहू. मी पुन्हा काही बोलणार नाही."

आता पाहा. इतक्या वर्षांत यांनी मले कधी विचारलं नव्हतं का कसं वाजलं, आन् विचारलं तं अशा वक्ती. 'चांगलं झालं' म्हणायले काय लागते? साऱ्या हॉलनं म्हणलं होतं. मी तोंड उघडलं ते तेच म्हणायले, खरं सांगते. पण हे माझ्याकडे असे पाहून राह्यले होते, का मी जे म्हणन तेच आता यांच्यासाठी खरं होणार होतं. मी हो म्हणली असती, तं हे जन्मभर त्या सरळ आवाजापुढं बसून राह्यले असते, आपलेच कान खोटे समजून.

"मेलेला होता आवाज," मी म्हणली. "सुरू झाला तवाच मेलेला होता."

यांनी डब्बा माझ्याकडे सरकवला. मंग म्हणले, "तुले ऐकू येत होतं." आन् उठून सुधाकररावांना नाही सांगायले वर गेले.

मी तिथंच पायरीवर बसून रडली. यांच्या आवाजासाठी रडली असं कोणी समजू नका. मी त्या दोन खोल्यांसाठी रडली.