छातीपर्यंत उघडं कुंपण

सौनात, म्हणजे घराबाहेरच्या वाफेच्या खोलीत, तापून लाल व्हायचं आणि तसंच, अंगावर काही न ठेवता, अंगणातल्या बर्फात लोळायचं, हे आर्वोचं लहानपणापासूनचं सुख. नवा रस्ता नेमका सौनासमोरून गेला आणि ते बंद पडलं. मग त्याने रस्त्याच्या बाजूला सीडरच्या झाडांची रांग लावली.

"स्प्रूसची झाडं लाव," त्याची बायको लेम्पी म्हणाली होती.

"स्प्रूस वाढेपर्यंत मी म्हातारा होईन."

"आत्ता काय तरुण आहेस?"

सीडर भराभर वाढले. कडाक्याच्या थंडीतही हिरवेगार राहिले. ज्या हिवाळ्यात ते डोक्याच्या वर गेले, त्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आर्वोने टॉवेल खुंटीलाच ठेवला, बाहेर येऊन ऐटीत आळस दिला. डोळ्यांसमोर गच्च हिरवी भिंत होती. तेवढ्यात रस्त्यावरून चर्चची बस हॉर्न वाजवत गेली.

सकाळी समोरची हिल्मा पाव घेऊन आली. "आर्वो, काल तुझं तोंड काही दिसलं नाही. पण ओळखलं मी."

आर्वो धावत कुंपणाशी गेला. आठवडाभराच्या वादळात भुकेल्या हरणांनी सीडर छातीपर्यंत ओरबाडून खाल्ले होते. वर झुपका, खाली नुसत्या काड्या.

"फुटतील पुन्हा," तो म्हणाला.

मे महिन्यात त्याने एकेक काडी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. एकही कोंब नव्हता. सीडरच्या बोडक्या फांदीला पुन्हा पालवी येत नाही. स्प्रूसची रोपं लेम्पीने आधीच आणून ठेवली होती. तिने एका रोपाची सुईसारखी पानं त्याच्या तळहातावर दाबली.

"आई गं!"

"हरणंही असंच म्हणतात."

रोपं सीडरच्या पुढ्यात लागली. हिल्मा बघून गेली. "छान! घोटे तरी झाकतील."

पुढच्या हिवाळ्यात आर्वो अंगणातला बर्फ फावड्याने उचलून रोपांपलीकडे रचत राहिला. खाली बर्फाचा बांध, वर सीडरचा झुपका. मधे फट उरली नाही. बांधाआड रोपांना बोचरा वाराही लागेना.

शनिवारी त्याने टॉवेल खुंटीला ठेवला आणि बर्फात धाडकन उडी घेतली. बस निमूट निघून गेली.

"काय, झालं का लोळून?" पलीकडून हिल्माचा आवाज आला.

आर्वो दचकला. "तुला दिसलं कसं?"

"दिसलं कुठे? केवढ्यानं किंचाळलास!"