मास्तरांच्या बायकोचा डावा पाय

मास्तरांना बायकोचा संशय आला तो तिच्या डाव्या पायावरून.

साडूच्या घराच्या व्हरांड्यात चौघांचा चहा चालला होता. समोर समुद्र निवांत पडला होता. रस्त्यावरून एक कुत्रं आडवं गेलं आणि टेबलाखाली बायकोचा डावा पाय हळूच खाली दाबला गेला, तिथे क्षणभर टेकला आणि अगदी सावकाश वर आला. मास्तरांची बशी ओठांशीच राहिली.

मास्तर म्हणजे मोटार चालवायला शिकवणारे मास्तर. अर्धं शहर त्यांच्या शिव्या खाऊन रस्त्यावर आलं होतं. शेजारच्या सीटपुढे त्यांनी स्वतःसाठी वेगळा ब्रेक बसवून घेतला होता आणि तो ते इतका दाबत, की शिष्य त्यांना पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणत. नवशिक्यांचे पाय त्यांनी जन्मभर पाहिले होते. नवशिक्याचा डावा पाय पहिले काही दिवस त्याच्या मालकीचा राहत नाही. जेवताना, सिनेमा बघताना, झोपेतसुद्धा तो क्लच शोधत असतो. म्हणजे हिला कोणीतरी शिकवत होतं. इतर नवऱ्यांना अशा गोष्टी चिठ्ठीवरून कळतात, अत्तराच्या वासावरून कळतात. मास्तरांना पायावरून कळली.

"काल सकाळी कुठे गेली होतीस?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"समुद्रावर."

"आणि परवा?"

"समुद्रावरच. या बेटावर दुसरं आहे काय?"

मेहुणीला एकदम ठसका लागला. साडूने तिची पाठ थोपटली आणि म्हणाला, "साडूभाऊ, तुम्हीही या की एकदा पहाटे. पण तुमची झोप म्हणजे दगडाची. ताईच सांगत होत्या."

ताई आपली झोपही याला सांगतात, हे मास्तरांनी मनात टिपून ठेवलं.

खरं तर लाँचमधून धक्क्यावर उतरल्यापासूनच मास्तरांच्या पोटात दुखत होतं, आणि त्यात इथल्या पाण्याचा काही दोष नव्हता. भावाभावांत भांडण होतं, साडूसाडूंत तुलना होते. दोघं एकाच सासऱ्याच्या पाया पडलेले असतात. मग आशीर्वाद कुणाला जास्त लागला, याचा तपास जन्मभर चालू राहतो. आणि इथे तर निकाल डोळ्यांसमोर होता. साडू बर्फाच्या कारखान्यात कामाला. पहाटे बर्फाच्या लाद्या एका म्हाताऱ्या टेम्पोत भरायच्या, कोळ्यांसाठी धक्क्यावर पोचवायच्या, की सूर्य डोक्यावर यायच्या आत हा माणूस दोन माडांच्या मध्ये बांधलेल्या झोळीत आडवा. सारं गाव त्याला थंडोबा म्हणे आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. डोक्यावर केस सगळे. रक्तदाब नाही. साडूचं घर लहान होतं, ही एकच गोष्ट मास्तरांना मनापासून आवडली होती. पण त्या घराच्या खिडकीतून समुद्र दिसे. मास्तरांच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या फ्लॅटची खिडकी दिसे, आणि तिथून समोरच्यांना मास्तर दिसत.

केस दिले, समुद्र दिला, झोप दिली. पण मोटार शिकवणं? ते तरी आपलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायको उठली तेव्हा मास्तर घोरत होते. ते घोरणं त्यांनी बरंच मनावर घेऊन केलं होतं. ती गेल्यावर ते चप्पल हातात घेऊन मागच्या दाराने निघाले आणि धक्क्याच्या रस्त्यावर, उपड्या घातलेल्या एका होडीमागे जाऊन बसले. समोरून एक बाई मासळीची टोपली घेऊन चालली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं, होडीकडे बघितलं आणि काही न बोलता पुढे गेली.

तेवढ्यात वळणावरून टेम्पो आला. मागून बर्फाचं पाणी ठिबकत होतं आणि रस्त्यावर त्याची एक ओली रेघ उमटत होती. बायको चालवत होती. पदर कमरेला खोचलेला, मान ताठ, हात जिथे असायला हवेत तिथे. शेजारी साडू एक हात खिडकीबाहेर टाकून शहाळं पीत बसला होता. त्याचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. तो समुद्रावरचे पक्षी बघत होता.

"क्लच," मास्तर होडीमागे पुटपुटले. "गिअर. आता सोड, हळू, हळू."

तिने सोडला. टेम्पोने कुरकुर केली नाही. त्या खटाऱ्याचा गिअर असा लोण्यात सुरी गेल्यासारखा पडावा, हे मास्तरांना स्वतःलाही जमलं असतं की नाही, सांगता येत नव्हतं. पण ते त्यांना झोंबलं नाही. झोंबलं ते पुढचं. साडू काहीतरी बोलला आणि ती खळखळून हसली. स्टिअरिंग हातात असताना. मास्तरांच्या गाडीत आजवर अनेकजण रडले होते, एकदोघांना उलटी झाली होती, एका वकिलाने तर दावा लावायची धमकी दिली होती. हसलं मात्र कोणी नव्हतं.

दुपारी त्यांनी झोळीतल्या साडूला गाठलं.

"परवाना आहे का तिच्याकडे?"

"आहे की, शिकाऊ. तुमच्या शहरातूनच काढून आणलाय."

"शक्य नाही. त्या ऑफिसात मला शिपायापासून साहेबापर्यंत सगळे ओळखतात."

"म्हणून ताई दुसऱ्या ऑफिसात गेल्या," साडू जांभई देत म्हणाला. "दोन बस बदलून."

म्हणजे हवापालट, बहिणीची आठवण, तुमच्या डोळ्यांनाही जरा हिरवं दिसेल, ही सगळी बायकोची प्रस्तावना होती तर. मास्तर झोळीच्या दोरीला धरून उभे राहिले.

"चुकली की ओरडता का तिला?"

"कशाला? रस्ता रुंद आहे. शेळ्या शहाण्या आहेत."

"मग सांगता तरी काय?"

साडूने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "मागे बर्फ आहे, एवढं सांगितलं. फार थांबलं की वितळतो."

संध्याकाळी वाळूत बसल्यावर मास्तरांनी बायकोला गाठलं. म्हणजे ती बसलीच होती, ते येऊन शेजारी टेकले.

"मला सांगायचं होतंस. मी शिकवलं असतं."

"तुम्ही शिकवलं होतंत की."

लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी तिला गाडीत बसवलं होतं. अर्ध्या तासात ते एवढं ओरडले आणि एवढे ब्रेक दाबले, की भर चौकात तिने किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली आणि चालत घरी गेली. नंतर चारचौघांत मास्तर सांगत, आमच्या हिला गाडीची भीती वाटते. ते इतकी वर्षं सांगितलं, की त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं.

"मला गाडीची भीती कधीच नव्हती हो," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "शेजारच्या सीटची होती."

मग मास्तर म्हणाले, "उद्या निघायचं आहे. धक्क्यापर्यंत तूच ने. मी शेजारी बसतो."

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. "एक शब्द बोललात, तर आहे तिथे उभी करीन आणि चालत जाईन. लाँच चुकली तर चुकली. बर्फ वितळला तर कोळ्यांना तोंड तुम्ही द्यायचं."

"कबूल."

सकाळी साडू मागे बर्फाच्या लाद्यांवर, लाकडाच्या भुशात जाऊन बसला. मेहुणीने दारातून हात हलवला. मास्तर पुढे बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि दात घट्ट मिटले.

पहिल्या वळणावर शेळी आली. मास्तरांचा उजवा पाय आपसूक खाली गेला. तिथे ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. तो ठणकन वाजला.

"पाय," बायको म्हणाली. तिची नजर रस्त्यावरच होती.

मास्तरांनी पाय मागे घेतला. पुढच्या वळणावर तो पुन्हा निघाला, तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि सीटवर सरळ मांडी घालून बसले. जेवायला बसल्यासारखे. नंतर पाय जागचा हलला नाही.

धक्क्याला पोचायच्या आधी एक चढ होता. चढाच्या मधोमध हातगाडी आडवी आली आणि टेम्पो थांबवावा लागला. चढावर गाडी उभी करून पुन्हा उठवणं म्हणजे नवशिक्याचं मरण. याच धड्यावर मास्तर सगळ्यात जास्त ओरडत. हातगाडी बाजूला झाली. टेम्पो वीतभर मागे घसरला. मागे लाद्या सरकल्या आणि साडू कुठेतरी आदळल्याचा आवाज आला. मास्तरांच्या जिभेवर सगळं तयार होतं, सांगायचं तेही आणि ओरडायचं तेही. त्यांनी पिशवीचे बंद दोन्ही मुठींत आवळले आणि तोंड पिशवीत घातलं.

इंजिनचा आवाज भरला. टेम्पो अडखळला, थांबला, आणि चढू लागला.

धक्क्यावर कोळी वाटच बघत होते. "बाई थंडोबापेक्षा लवकर आणतात हो बर्फ," त्यांतला एक म्हातारा म्हणाला. "कोणी शिकवलं एवढं झकास?"

साडू मागून उतरला. केसांत भुसा, ढोपराला खरचटलेलं. "हे काय, यांनी," त्याने मास्तरांकडे बोट केलं. "शहरातले मोठे मास्तर आहेत. मालकच बाईंचे."

म्हाताऱ्याने कौतुकाने मान हलवली. बायको किल्ली काढत होती. तिचा हात तिथेच थांबला. मास्तर अजून मांडी घालूनच बसले होते. नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं. साडूने ताट वाढून समोर ठेवलं होतं. आणि तेच तर दुखत होतं: हा मनुष्य देतानासुद्धा असा देत होता, की त्याचं काही कमी होत नव्हतं.

"मी नाही," मास्तर म्हणाले. "यांनी शिकवलं. मी नुसता बसलो होतो."

ते खाली उतरले आणि चपला शोधू लागले.

लाँच सुटली. साडू धक्क्यावर उभा राहून हात हलवत राहिला. त्याचे केस वाऱ्यावर उडत होते, तेवढे मास्तरांनी बघितले आणि नजर दुसरीकडे वळवली. बायको पहाटेची उठलेली. जरा वेळाने तिचा डोळा लागला. मान मास्तरांच्या खांद्यावर आली. लाँच लाटेवर चढली आणि तिचा डावा पाय झोपेतच खाली दाबला जाऊ लागला. मध्ये कपड्यांची पिशवी होती, पाय तिला अडत होता.

मास्तरांनी खांदा न हलवता वाकून ती पिशवी बाजूला सरकवली.