गालावरचा तीळ

एकेकाळी हिंदी सिनेमाच्या ज्या नायकाच्या गालावरल्या तिळावर लोक जीव टाकत, त्याचा तो तीळ खोटा होता. तीस वर्षं रोज सकाळी तो पेन्सिलीने काढणारा रंगभूषाकार आज बऱ्याच वर्षांनी त्या नायकाच्या, म्हणजे आपल्या साहेबांच्या, घरी आला होता. तासाभरात साहेबांची मुलाखत घ्यायला कॅमेरेवाले येणार होते.

पावडर लावून झाली. त्याने काळी पेन्सिल उचलली आणि हात हवेतच थांबला. डावा गाल की उजवा? काही केल्या आठवेना. विचारावं, तर म्हातारा कामातून गेला असं साहेब म्हणतील, पुन्हा बोलावणारही नाहीत. भिंतीवर बघावं, तर स्वतःचा एकही फोटो घरात लावायचा नाही हा साहेबांचा जुना हट्ट.

"काय रे रंगारी, मुहूर्त बघतोयस का?"

शेवटी त्याने खाली मान घालून सांगून टाकलं, "साहेब, बाजू विसरलो."

साहेबांनी आरशात एकेक गाल वळवून पाहिला. मग हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. मलाही आठवत नाही."

दोघेही पोरांसारखे हसत सुटले. तेवढ्यात साहेबांच्या पत्नी चहा घेऊन आल्या.

"डावा," त्या म्हणाल्या. "हे रोज तोंड न धुताच डाव्या कुशीवर झोपायचे. तीस वर्षं उशीच्या अभ्र्यावरचा तो डाग मीच घासलाय."

"मग आज तीळ तुम्हीच काढा, वहिनी."

"छे! तुमचं काम तुम्हीच करा, भावजी. पण मुलाखत संपेपर्यंत थांबा, आणि जाताना तो पुसून जा."