पंपाजवळची क्लिप

गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या रॅलीत नारायणच्या मोटारीचा पहिला नंबर दोन गुणांनी हुकला, आणि ते दोन गुण कशात गेले हे कळल्यावर अच्युतचं टाळकंच सरकलं. इंजिनात नाही, रंगात नाही, होज क्लिपांमध्ये! रबरी नळ्या आवळून धरणाऱ्या त्या क्षुल्लक क्लिपा. परीक्षकाने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि विचारलं, चौसष्ट सालच्या गाडीत ही चकचकीत स्टीलची पट्टी कुठून आली? तेव्हा तर तारेच्या क्लिपा असायच्या.

गाडी नारायणच्या वडिलांची. सरकारी कचेरी भोपाळला हलली, तिच्याबरोबर ते नागपूरहून आले, इथेच रमले आणि इथेच त्यांनी ती घेतली. पण गंजून पडलेल्या त्या सांगाड्यात जीव ओतला तो अच्युतने, बरखेड्यातल्या कारखान्याच्या वसाहतीत, क्वार्टरमागच्या शेडमध्ये. त्यामुळे ते दोन गुण नारायण आठवड्यात विसरला आणि अच्युतच्या मात्र डोक्यात जाऊन बसले.

दोघांनी कारखान्यात एकतीस वर्षं बरोबर काढली होती. तिथली शिस्त साधी होती. बोल्ट एकाने आवळायचा, दुसऱ्याने तपासायचा आणि तपासणाऱ्यानेच त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. आवळणाऱ्याने ब्रशला हातसुद्धा लावायचा नाही. रिटायर झाले तरी गाडीच्या कामात दोघांनी हा नेम मोडला नव्हता. आवळायचं अच्युतने, रेघ नारायणची, तीही खालच्या बाजूने, परीक्षकाला दिसू नये अशी.

तारेच्या क्लिपा शोधण्यात अच्युतचे सहा महिने गेले. शेवटी जवाहर चौकात काशिनाथच्या दुकानात, तेलकट कागदात गुंडाळलेल्या सहा क्लिपा मिळाल्या. काशिनाथ तिथला जुना पार्टवाला. त्याने एक क्लिप बोटाने बाजूला सारली.

"साहेब, ही पेट्रोलच्या नळीला नका लावू. तेव्हाची नळी जाड यायची, वरून कापडाची. आताची बारीक आहे. पकडणार नाही ही."

"बघतो मी," अच्युत म्हणाला. एकतीस वर्षं कारखान्यात घालवलेल्या माणसाला पार्टवाल्याने शिकवावं, हे त्याला झोंबलं.

रॅलीच्या दोन दिवस आधी त्याने क्लिपा बसवल्या. नारायण लग्नाला नागपूरला गेला होता. पाण्याच्या पाच नळ्या झकास आवळल्या गेल्या. सहावी नळी पेट्रोल पंपाजवळची. खाली एक्झॉस्टचा पाइप, इंजिन चाललं की रसरसून तापणारा. अच्युतने स्क्रू फिरवला, फिरवला, आणि स्क्रू संपला. तो घट्ट झाला होता, पण नळी धरली गेली म्हणून नव्हे, तर आटेच संपले म्हणून. हा फरक त्याच्या बोटांना बरोबर कळला. नळी चिमटीत धरून पाहिली, तर ती किंचित फिरली.

स्टीलची पट्टी शेजारीच पडली होती. पाच मिनिटांचं काम. पण पट्टी म्हणजे पुन्हा दोन गुण गेले. त्याने दहा मिनिटं इंजिन चालवून पाहिलं. एक थेंब गळला नाही. चालेल, तो स्वतःशी म्हणाला. मग त्याने ब्रश उचलला आणि क्लिपच्या खालून स्वतःच पिवळी रेघ ओढली. रेघ अगदी सरळ आली, आणि याची त्याला मनातून लाज वाटली.

रॅलीच्या सकाळी नारायण थेट स्टेशनवरून आला. आल्या आल्या छोटा आरसा घेऊन बॉनेटखाली वाकला.

"पंपाजवळच्या क्लिपवर रेघ आहे बे. कोणं तपासली?"

"हर्षलने," अच्युत पटकन बोलून गेला. हर्षल म्हणजे त्याचा मुलगा, त्याच कारखान्यात इंजिनिअर. तो चार दिवस झाले, टूरवर होता.

"हर्षलनं ना? मग झालं. टेन्शनच नाही." नारायणने आरसा खिशात टाकला. त्याला शंका येण्याचं कारणच नव्हतं. अच्युत आजवर त्याच्याशी कधी खोटं बोलल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

मैदानावर परीक्षक बराच वेळ बॉनेटमध्ये डोकावत राहिला. मग सरळ होऊन म्हणाला, "वाह भाईसाहब! क्लिप तक ओरिजिनल. पूरे नंबर."

नारायणने अच्युतला मिठीच मारली. त्याचे डोळे भरून आले होते. "बाबा आज पाहिजे होते बे." अच्युतला त्याच्याकडे बघवेना.

पहिल्या आलेल्या गाडीने तलावापर्यंत एक फेरी मारायची, अशी तिथली पद्धत. नारायणची बायको रत्नप्रभा शेजारी बसली. नारायणने इंजिन सुरू केलं. दुपारचं ऊन चढलं होतं आणि गाडी तासभर तशीच उन्हात उभी होती.

रत्नप्रभाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "भाऊजी, पेट्रोलचा वास येऊन राहिला का हो?"

येत होता. अच्युतला तो तिच्याआधीच आला होता. त्याला भीती वाटली. बंद कर, एवढं एकच म्हणायचं होतं. पण मग नारायण बॉनेट उघडणार, क्लिप बघणार, हर्षलला फोन लावणार, आणि तेही परीक्षकासमोर.

"जुनी गाडी आहे वहिनी. थोडा वास यायचाच," तो म्हणाला.

गाडी निघाली. मैदानाच्या फाटकापर्यंत त्याने कसाबसा दम धरला. मग ती जिथे उभी होती त्या जागेवर त्याची नजर गेली. सिमेंटवर ओला डाग होता, तळहाताएवढा, आणि कडेने वाळतही होता.

अच्युत धावत सुटला. "नारायण! बंद कर! गाडी बंद कर!" एकाहत्तर वर्षांचा माणूस, एक चप्पल मागेच राहिली. लोकांना वाटलं, म्हातारा खुशीने वेडा झालाय. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच टाळ्या धरल्या. त्या कडकडाटात त्याचा आवाज त्यालाही ऐकू येईना.

नारायणने गाडीच्या आरशात त्याला धावताना पाहिलं. खिडकीतून हात काढून हलवला, हॉर्न वाजवला आणि हौसेने गाडीचा वेग वाढवला. मग बॉनेटच्या फटीतून धूर आला, आणि लगोलग जाळ.

टाळ्या थांबायला जरा वेळ लागला.