कर्टसाठी राखलेलं खोगीर

"दरवर्षी जड होतंय हे मढं," लॉर्ना पुटपुटली.

ती मला दोन्ही हातांनी उचलून घोड्याच्या पाठीवर टाकत होती. तिचं तोंड माझ्या अगदी जवळ होतं, म्हणून मला ऐकू आलं. तिचा बाप व्हर्लिन तबेल्याच्या दारात उभा होता. त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल. या घरात ऐकू येणं आणि ऐकलं असं दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मित्रांनो, मी एक जुनं खोगीर आहे. मढं म्हटल्याचा मला राग नाही. माझं वजन काही वाढलेलं नाही. लॉर्नाची पन्नाशी उलटली, एवढंच. आणि खरं सांगायचं तर मीही थकले आहे.

माझा जन्म नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांमधला. इथे झाडांपेक्षा पवनचक्क्या जास्त. रेल्वेच्या गावात एका डोळ्यानं अधू असलेला एक कारागीर खोगिरं करायचा. त्यानं माझा लाकडी सांगाडा घडवला, त्यावर बैलाचं ओलं कातडं ताणून शिवलं आणि ते सावलीत वाळू दिलं. घाईनं वाळलेलं कातडं सांगाडा पिळून टाकतं. मग वरून जाड चामडं आणि खालून मेंढीची लोकर लावली. पुढच्या बाजूला मुठीएवढा एक ठोंब ठेवला. त्याला इथे शिंग म्हणतात. फासात वासरू अडकलं की दोराचं आपल्याकडचं टोक या शिंगाला झटकन गुंडाळायचं. झटकन म्हणजे झटकनच. हात रेंगाळला तर अंगठा दोराखाली सापडतो.

माझे पहिले मालक ॲन्सगर, म्हणजे व्हर्लिनचे वडील. त्यांचा उजवा अंगठा असाच गेला. "आता उरलेल्या बोटांनी जरा अंग झाडून काम करावं," असं म्हणून ते हाताला फडकं बांधून दुपारी परत आले होते. माझ्या शिंगावर तो डाग बरीच वर्षं होता.

ॲन्सगरनी या घराला काही गोष्टी शिकवल्या. जनावरांच्या पोटात काही गेल्याशिवाय आपण ताटावर बसायचं नाही. शेजाऱ्याला त्याची गुरं किती ते विचारायचं नाही. फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद दिसलं तर बंद. आणि मनातलं बोलून दाखवायचं नाही. ही शेवटची शिकवण जरा जास्तच मुरली.

वसंतात वासरांना मालकीच्या खुणेची डागणी देतात, तेव्हा शेजारपाजारचे सगळे मदतीला येतात. त्या दिवशी पहिल्या वासरावर फास टाकायचा मान रँचच्या, म्हणजे गुरांच्या या मळ्याच्या, मालकाचा, आणि तो माझ्यावर बसूनच. एका वर्षी ॲन्सगर सगळ्यांदेखत खाली उतरले आणि घोड्याचा लगाम तरण्या व्हर्लिनच्या हातात दिला. बोलले काहीच नाहीत. पण दुपारी जेवताना ते टेबलाच्या टोकाला, मालकाच्या जागी, बसले नाहीत, बाजूच्या बाकावर बसले. रँच कुणाचं झालं ते सगळ्यांना कळलं.

ती माझी भर उमेदीची वर्षं. बर्फाच्या वादळात चुकलेल्या गाई शोधत व्हर्लिन माझ्यावर रात्र रात्र काढायचा. "असं खोगीर पुन्हा होणे नाही," असं लोक म्हणायचे, आणि मी करकरून हुंकार द्यायचे. त्याची दोन्ही पोरं पहिल्यांदा माझ्यावरच बसली. लॉर्नानं शिंग असं धरलं की सोडवताना बोटं उकलावी लागली. धाकटा कर्ट रडला. तरीही मी कर्टची, हे ठरलेलं होतं. मुलगाच पुढे रँच बघणार. ना कुणी कर्टला विचारलं, ना लॉर्नाला.

कर्ट शिकायला ओमाहा शहरात गेला आणि तिथेच रमला. "एवढं काम संपलं की येतोच," असं तो म्हणायचा. एका शरद ऋतूत लॉर्नानं मला मागितलं.

"ते कर्टसाठी आहे," व्हर्लिन म्हणाला.

तिनं पुन्हा मागितलं नाही. लिलावातून एक वापरलेलं खोगीर आणलं आणि त्यावर बसून सारं रँच ओढलं. बर्फात गाईंची बाळंतपणं केली, कुंपणं बांधली, पवनचक्कीवर चढून तेलपाणी केलं. कर्टचा फोन नाताळला यायचा. तो हवापाण्याचं विचारायचा.

मी मात्र वर्षातून एकदा बाहेर यायचे, एका वासरापुरती. मित्रांनो, माझी उपेक्षा धुळीनं झाली नाही, तेलानं झाली. दर हिवाळ्यात व्हर्लिन दार लावून घ्यायचा आणि मला स्वतः तेल चोळायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याचं कारण मला माहीत होतं. पण खोगीर कुणाला काय सांगणार?

तर यंदाची डागणी. शेजारी जमले, जाळ पेटला, चुलीवर मिरचीची आमटी आणि दालचिनीच्या गोड वळ्यांचा वास सुटला. व्हर्लिन ओंडक्यावर पाय देऊन माझ्यावर चढला. तो ओंडका तबेल्याच्या दारात गेल्या वर्षी अचानक उगवला होता. आणला लॉर्नानं. कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्यानं पहिला फास टाकला. चुकला. दुसराही चुकला. सगळे शेजारी पवनचक्कीकडे बघू लागले.

"यंदा गवत बरं आहे," एक जण म्हणाला.

"बरंच आहे," दुसरा म्हणाला.

तिसरा फास बसला. वासरू उसळलं. व्हर्लिननं दोर शिंगाला घातला, पण म्हातारा हात रेंगाळला आणि अंगठा आत गेला. मला तो माझ्या आणि दोराच्या मध्ये जाणवला, बापाच्या अंगठ्यासारखाच. तेवढ्यात लॉर्नानं आपला घोडा आडवा घातला आणि ताणलेला दोर छातीशी कवटाळून व्हर्लिनच्या बाजूला खेचला. दोर क्षणभर ढिला पडला. अंगठा निसटला. कातडी सोलली, पण अंगठा राहिला.

"एका घराण्यात एक अंगठा गेला तेवढा पुरे, म्हाताऱ्या," शेजारचा ऑर्विल म्हणाला. मग नेहमीचं वाक्य त्याच्या तोंडून सवयीनं निघालं, "पुढच्या वर्षी कर्ट आला की तो टाकेल."

दरवर्षी यावर सगळे मान डोलवायचे. यंदा कुणी डोलवली नाही.

व्हर्लिन उतरला. उतरताना त्याचा गुडघा वाकला, आधीच खाली उतरलेल्या लॉर्नानं दंड धरला, आणि त्यानं धरू दिला. मग त्यानं लगाम तिच्यापुढे केला.

"बांधून ठेवते," ती म्हणाली.

"बांधू नकोस. बस."

ती हसली, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "माझे पाय पोचणार आहेत का, डॅड? या रिकिबी तुमच्या मापाच्या. वर घ्यायला पट्ट्याला भोकसुद्धा नाही."

"पट्टा उलटून बघ."

मित्रांनो, ती बघतेय तोवर मला सांगायचं ते सांगून टाकते, पुढे माझ्या बोलण्याला जागा उरणार नाही. चांगली वस्तू कुणासाठी तरी म्हणून राखून ठेवू नका. ज्याचे हात रोज तिच्या कामी येतात, त्याच्या हातात द्या. आणि देताना तोंडानं सांगा. चामडं तेलावर टिकतं, माणूस टिकत नाही.

लॉर्नानं पट्टा उलटला. आतल्या बाजूला, वरच्या चामड्याखाली झाकलेलं, व्हर्लिनच्या मापाच्या खूप वर, आरीनं पाडलेलं एक भोक होतं. तिनं त्यावर बोट फिरवलं. कडा गुळगुळीत होत्या, तेल पिऊन काळ्या पडलेल्या. दुसऱ्या बाजूच्या पट्ट्यालाही तसंच होतं.

"हे आजचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मग केव्हाचं?"

"तुझी आई होती तेव्हाचं. माप तिनंच सांगितलं."

"आणि इतकी वर्षं मी त्या लिलावातल्या..." तिनं पट्टा सोडून दिला. "ठेवा तुमचं खोगीर. कर्ट आला की रिकिबी पुन्हा खाली घ्यायचा व्याप नको."

ऑर्विल पुन्हा पवनचक्कीकडे बघू लागला. वासरं ओरडत होती. व्हर्लिननं डोक्यावरची टोपी काढली, सोललेला अंगठा तिच्यात झाकला आणि पहिल्यांदाच लॉर्नाच्या डोळ्यांत बघितलं.

"कर्ट येणार नाही, लॉर्ना," तो म्हणाला. "तो गेला तेव्हाच मला कळलं होतं. रँच तुझंच आहे. मला ते म्हणता येत नव्हतं."