बहिणीचं वाक्य

दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत बसून तिनं मांडीवरच्या साप्ताहिकाचं पान टर्रकन फाडलं. गालाला हात लावून बसलेले पेशंट दचकले. स्वागतिकेनं चष्म्यावरून पाहिलं.

"अहो, ते तुम्हाला दाखवायला ठेवलं होतं, फाडायला नाही! आपला दवाखाना आलाय त्यात. डॉक्टर फ्रेम करून लावणार होते."

"दुसरा अंक आणून देईन," ती म्हणाली.

पानावर तिचा दादा होता. चित्रपटांचा नामवंत पटकथाकार. याच खोलीत, खिडकीजवळच्या याच खुर्चीत तो बसला होता. मांडीवर कागद, गालावर बोट, नजर छताला. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'माझ्या लिहिण्याच्या लाडक्या जागा'. दुखऱ्या दाताचा माणूस खोटं बोलत नाही, म्हणून आपण दवाखान्यात येऊन बसतो, असं दादानं सांगितलं होतं. भांडणाचे सीन धुलाईच्या दुकानात चांगले उतरतात, कारण तिथं यंत्रांच्या आवाजात माणसाला मोठ्यानंच बोलावं लागतं. आणि कुठलंही वाक्य आपण आधी तोंडानं म्हणून बघतो. जीभ अडखळली, तर ते कागदावर येऊ देत नाही.

शब्द न् शब्द खरा होता. फक्त माणूस चुकला होता.

दादानं धुलाईच्या दुकानाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. आपले कपडे कोण धुतं हेही त्याला धड सांगता आलं नसतं. दवाखान्यात तो आला असेल तो फोटोपुरता. इथं येऊन बसायची ती. दात ठणठणीत असताना ही बाई सारखी येते कशाला, अशी डॉक्टरांना सुरुवातीला शंकाच आली होती. दादाचे सगळे संवाद ती लिहायची. पहिल्या चित्रपटाच्या वेळी निर्मात्याला एकच नाव हवं होतं, तेव्हा दादा हसून म्हणाला होता, "नाव कुणाचं का असेना, राहतंय घरातच ना!" ती तेव्हा मूग गिळून गप्प बसली, ती बसलीच. दादा गोष्ट रचायचा, बैठका मारायचा, हारतुरे घ्यायचा. त्याची पात्रं बोलायची ती मात्र तिच्या जिभेनं.

नाव गेलं ते तिनं सोसलं. पण खुर्चीसुद्धा? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दवाखान्यात बसून अक्षरशः दातओठ खात असतानाच फोन वाजला.

"छोटे, अडलोय गं," दादा म्हणाला. "शेवटचा सीन. भावाबहिणीचा. उद्या दुपारी सगळ्यांसमोर वाचन आहे. देशील ना?"

"देते की."

"आणि लेख पाहिलास का? फोटो बरा आलाय ना?"

"छान आलाय. खुर्ची ओळखीची वाटली."

दादा मोकळेपणानं हसला. "लोकांना असलं काहीतरी लागतं गं वाचायला. सीन झाला की थेट ऑफिसात पाठव. मी कुठं मधे बघत बसू!"

हे त्याचं नेहमीचंच होतं. तिच्याकडून आलेला कागद तो न वाचताच पुढं धाडायचा. छोटीचं काय बघायचं, असं म्हणायचा. तिला आजवर यात कौतुक ऐकू येत होतं. आज दुसरंच काही ऐकू आलं, आणि ती तडक उठून धुलाईच्या दुकानात गेली.

चित्रपटातला भाऊ होता मोठा संगीतकार, बहीण घरात बसलेली, आणि दोघांचं वाजलं होतं घराच्या वाटणीवरून. तिनं वाटणी उडवून टाकली. भरल्या सभेत सत्कार चाललाय, आणि संगीतकार उठून सांगतो की चाली माझ्या नाहीत, बहिणीच्या आहेत. नाव कुणाचं का असेना, राहतंय घरातच, असं म्हणून मीच तिला गप्प केलं. हे बोलताना तो कानाची पाळी चोळत राहतो. दादा अडचणीत सापडला की अशीच पाळी चोळायचा आणि उभ्या युनिटला ते ठाऊक होतं. शेवटी तो मान खाली घालून माफी मागतो. बहीण म्हणते, "माफी राहू दे दादा, आधी माझं नाव सांग."

यंत्रं घरघरत होती. दादाचा आवाज काढून ती एकेक वाक्य मोठ्यानं म्हणत होती आणि तिला मनातून उकळ्या फुटत होत्या. चादरी घड्या घालणाऱ्या एका बाईंनी पिशव्या उचलल्या आणि लांबचं बाकडं गाठलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः वाचनाला गेली. लांबलचक टेबलाभोवती सगळे जमले होते. "ही माझी धाकटी बहीण, हौसेनं आलीय ऐकायला," दादानं ओळख करून दिली. ती भिंतीकडेच्या खुर्चीत बसली. तिथून दादाचा चेहरा पुरा दिसत होता. त्यासाठीच तर ती आली होती.

नायकानं शेवटचा सीन वाचायला घेतला. 'घरातच' हा शब्द आला तसा दादाच्या हातातला कप बशीवर टेकला. कागदात लिहिल्याबरहुकूम नायकानं कानाची पाळी चोळली. दादाचाही हात कानाशी गेलेला होता. तो हळूच खाली आला. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. ती डोळे भरून बघत होती. आता म्हणावं, सांग लोकांना कुठल्या खुर्चीत बसून लिहिलंस ते.

सीन संपला. मग दिग्दर्शक उठला आणि त्यानं दादाला कडकडून मिठी मारली.

"काय लिहिलंयस! अरे, स्वतःला एवढं सोलून काढायला छाती लागते!"

"कानाची पाळीसुद्धा स्वतःची घातलीय यांनी," नायक म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. वेशभूषाकार बाईंनी तर डोळ्यांना रुमाल लावला.

तिच्या पायाखालची वाळूच सरकली. नाक कापायला निघाली होती, आणि दादाच्या डोक्यावर मुकुट चढवून बसली होती. दादानं टाळ्यांमधून तिच्याकडे एकदाच पाहिलं. मग त्यानं नायकाच्या हातून पानं घेतली आणि वाचायला लागला. आपलं लिहिलेलं वाचताना दादाला ती पहिल्यांदाच बघत होती. शेवटच्या पानावर तो थांबला, त्यानं पेन्सिल घेतली आणि दोन ओळी खोडल्या.

"माफी नको," तो म्हणाला. "हा माणूस माफी मागणार नाही. आपण काय केलंय ते त्याला कळतं, पण तोंडातून निघत नाही. इथंच गप्प उभा राहील."

नायकानं तसं वाचून पाहिलं. बोलत बोलत तो त्या जागी आला, ओठ उघडले, आणि तसाच राहिला.

सीन सुधारला होता. इतरांच्या आधी ते तिला कळलं आणि तिचा संताप संताप झाला. माफी मागितली नाही ती नाहीच, वर न मागणंच बरोबर ठरवलं! आणि ठरवलं तेही अचूक. दादाला एवढं येतं, हे इतक्या वर्षांत ती विसरून गेली होती.

"पण मग बहिणीचं वाक्य बसत नाही," दिग्दर्शक म्हणाला. "तो माफी मागतच नाही, तर ती 'माफी राहू दे' कशाला म्हणेल? तिथं काय म्हणेल ती?"

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. दादानं पेन्सिल उचलली. कागदाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि मग त्याची नजर भिंतीकडे आली.

नायक ओठ उघडून थांबला होता, तेव्हाच ते वाक्य तिला सुचलं होतं. तिनं ते मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं होतं. चार शब्दांचं, साधं. कुठं अडखळलं नव्हतं.

"छोटे," दादा म्हणाला, "काय म्हणेल गं ती?"

"घ्या! बहिणीला विचारतायत!" नायक म्हणाला, आणि सगळे प्रेमानं हसले. दादा हसला नाही.

"मला काय विचारतोस दादा?" ती म्हणाली. "लिहितोस तू."

हसू ओसरलं. माना पुन्हा दादाकडे वळल्या. त्यानं पेन्सिल कागदाला टेकवली, ती टेकलेलीच राहिली.

"घे, हवा तेवढा वेळ घे," दिग्दर्शक खुर्ची ओढत म्हणाला. "आम्ही बसलोय."

तिनं जायला म्हणून पर्स उचलली होती. ती तिनं परत खाली ठेवली आणि नीट टेकून बसली.